डोळा उजेड गोळा करतो, बघतो तो मेंदू! लहान मुलांची नजर वेळेत का तपासायची, वाचा सविस्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. माणसाचा डोळा म्हणजे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे म्हणे. वाचायला बरं वाटतं, पण हे गणित दिशाभूल करणारं आहे. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि नखाकडे बघा. जेमतेम त्या नखाएवढ्या जागेतच आपल्याला बारीक आणि स्पष्ट दिसतं. बाकी सगळं धूसर असतं. पटत नसेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि नजर न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचून बघा. जमणार नाही.

तरीही आपल्याला समोरचं शेत, बांध, विजेचे खांब, लांबची टेकडी असं सगळं एकदम स्वच्छ दिसतंय असं वाटतं. हे जे 'वाटतं', ते मेंदूचं काम. मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, नेत्र शिबिर याबद्दल गावागावांत आता बरीच माहिती झाली आहे. डोळ्याच्या मागे काय चालतं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. ते माहीत नसल्यामुळे नुकसान होतं ते मुख्यतः दोघांचं: घरातल्या लहान मुलाचं आणि अर्धांगवायूचा झटका आलेल्या वडीलधाऱ्या माणसाचं.

डोळ्यात नेमकं काय होतं?

उजेड बाहुलीतून आत जातो, भिंगातून वळतो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडतो. या पडद्यावर पडणारं चित्र उलटं असतं, डोकं खाली आणि पाय वर. पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. साधारण १२ कोटी पेशी कमी उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. साधारण ६० लाख पेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. या रंगाच्या पेशींची दाटी पडद्याच्या अगदी मधोमध असते. म्हणून अंगठ्याच्या नखाएवढं स्पष्ट आणि बाकीचं धूसर.

आता गंमत बघा. पेशी बारा-तेरा कोटी, पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू फक्त दहा-बारा लाख. म्हणजे सगळी माहिती जशीच्या तशी पाठवणं शक्यच नाही. त्यामुळे पडदाच छाटणी करतो. कुठे उजेड संपून अंधार सुरू झाला, कुठे काही हललं, एवढंच मुख्यतः पुढे जातं. बाजार समितीत माल उतरण्याआधी शेतातच प्रतवारी करून घ्यावी, तसा हा प्रकार.

ही नस डोळ्यातून जिथून बाहेर पडते तिथे बघणाऱ्या पेशीच नसतात. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या दोन्ही डोळ्यांत एक आंधळा ठिपका आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या एदम मारियोत यांनी तो दाखवून दिला. तुम्हीही घरी बघू शकता. वहीच्या पानावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे चार बोटांवर, म्हणजे साधारण ८ सेंटीमीटरवर, एक काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा आणि वही हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण एक फुटावर ठिपका गायब होतो. वही रेघांची असेल तर आणखी मजा. ठिपका जातो, पण त्या जागी भोक दिसत नाही, रेघा सरळ पुढे गेलेल्या दिसतात. आजूबाजूला रेघा आहेत म्हणजे इथेही असणार, असं धरून मेंदूने जागा भरून काढलेली असते.

दुसरा प्रयोग मोबाइलवर करा. आधी आरशात बघा. एकदा आपल्या डाव्या डोळ्याकडे, एकदा उजव्या डोळ्याकडे नजर फिरवा. आपले डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते हलताना दिसतात. आता मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून तेच करा, डोळे हलताना दिसतील. कारण स्क्रीनवरचं चित्र क्षणभर उशिरा येतं. आपली नजर एका सेकंदात साधारण तीन वेळा उडी मारते आणि उडीच्या वेळी येणारं हललेलं चित्र मेंदू दाबून टाकतो. नाहीतर दिवसभर गरगरलं असतं.

रात्रीचा रस्ता आणि उसाची ट्रॉली

उजेडातून एकदम अंधारात गेलं की रात्रीच्या पेशी पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. विहिरीवरची मोटार चालू करायला रात्री बाहेर पडल्यावर सुरुवातीला काही दिसत नाही आणि नंतर वाट दिसू लागते, ती यामुळेच. या पेशी पडद्याच्या मधोमध नसतात. म्हणून अंधुक चांदणी थेट बघण्यापेक्षा जरा बाजूला बघितलं तर चांगली दिसते. सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती बघताना हे करून बघा.

समोरून मोठ्या लाइटची गाडी आली की ही सगळी तयारी पुसली जाते. गाडी निघून गेल्यावरही काही क्षण आपण जवळजवळ आंधळे असतो. त्यात पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असेल तर? ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. डोळ्यांवर पडलेलं मेंदूला कळणं, 'ही ट्रॉली आहे' हे ओळखणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात सेकंद-दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २० ते २५ मीटर अंतर संपलेलं असतं. लाल रिफ्लेक्टरची पट्टी फार महाग नसते. गळीत हंगामात दरवर्षी हे लिहावं लागतं, याचं वाईट वाटतं.

आणि फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्यांसाठी एक माहिती. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी एक प्रयोग केला. लोकांना बॉल फेकाफेकीचा व्हिडिओ दाखवून पास मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा वेश घातलेलं माणूस खेळाडूंमधून चालत गेलं, छाती बडवून गेलं. जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. डोळे उघडे होते, गोरिला समोर होता, पण मेंदू मोजण्यात गुंतलेला होता.

डोक्याच्या मागच्या भागात दृष्टीचं केंद्र

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात आणि तिथे निम्मे तंतू बाजू बदलतात. परिणामी आपल्या डाव्या हाताकडचं सगळं दृश्य मेंदूच्या उजव्या अर्ध्यात जातं आणि उजव्या हाताकडचं डाव्या अर्ध्यात. नीट लक्षात घ्या, डावा डोळा उजवीकडे असा हा हिशोब नाही. प्रत्येक डोळ्याच्या दृश्याचे दोन तुकडे होतात. तिथून मधलं एक ठाणं घेऊन माहिती डोक्याच्या अगदी मागे पोहोचते, झोपल्यावर डोकं उशीला टेकतं त्या भागात.

हे कळलं कसं, तर युद्धामुळे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन बंदुकांच्या लहान, वेगवान गोळ्या कित्येक जपानी सैनिकांच्या डोक्यातून आरपार गेल्या आणि तरीही ते जगले. त्यांची नजर किती गेली हे पेन्शनसाठी तपासायचं काम तात्सुजी इनोये या तरुण डोळ्यांच्या डॉक्टरकडे आलं. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली आणि दृश्याचा नेमका कोणता तुकडा गेला, हे ताडून बघत त्यांनी मेंदूतला दृष्टीचा नकाशा तयार केला. १९०९ साली तो प्रसिद्ध झाला.

हा नकाशा आजही आपल्या कामाचा आहे. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तोंड वाकडं होत नाही, हातपायही चालत राहतात, पण दृश्याचा अर्धा भाग जातो. असा माणूस दाराच्या चौकटीला एकाच बाजूचा खांदा घासतो, पेपरातल्या ओळीचा अर्धा भाग त्याच्याकडून सुटतो, गाडी सारखी एकाच बाजूला घासते. घरचे म्हणतात चष्म्याचा नंबर वाढला असेल, आणि दुकानात नवा चष्मा करायला नेतात. एक साधी खूण आहे. एकेक डोळा झाकून बघायला सांगा. दोन्ही डोळ्यांनी एकाच बाजूचं दिसत नसेल तर बिघाड बहुधा मेंदूत आहे. एकाच डोळ्याने कमी दिसत असेल तर तो डोळ्यात किंवा त्याच्या नसेत आहे. अचानक झालं असेल तर दोन्ही तातडीचेच. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते द्यायचं की नाही हे स्कॅन बघून डॉक्टर ठरवतात. 'सकाळी बघू' म्हणत रात्र काढली तर ती संधी गेली. १०८ ला फोन करा.

कधी कधी डोळे आणि दृष्टीकेंद्र दोन्ही शाबूत असतात, पण मेंदूचं एका बाजूकडे लक्षच जात नाही. उजव्या मेंदूला झटका बसलेला माणूस ताटातलं उजवीकडचं जेवण संपवतो आणि डावीकडची भाकरी तशीच राहते. तो हट्ट करत नसतो, त्याच्यावर रागावू नका. ताट फिरवून द्या.

एकाच चित्राची वेगवेगळी खाती

मागच्या केंद्रात चित्र जसंच्या तसं उमटत असेल असं पूर्वी वाटायचं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी १९५८ च्या सुमारास अमेरिकेत मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचा आवाज ऐकायला सुरुवात केली. मांजराला पडद्यावर ठिपके दाखवत होते आणि पेशी गप्प होती. मग काचेची पट्टी बदलताना काचेच्या कडेची सावली पडद्यावरून सरकली आणि पेशी एकदम कडकडली. तिला ठिपका नकोच होता, तिला हवी होती तिरकी रेघ. एकेक पेशी एकेका तिरकसपणाच्या रेघेसाठी नेमलेली असते, हे असं उघड झालं. १९८१ चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं.

रेघांपासून आकार, आकारांपासून वस्तू, वस्तूंपासून ओळख असं काम पुढे सरकतं आणि त्याला दोन मोठे रस्ते फुटतात. एक खालून कानाच्या दिशेने जातो, त्यावर 'हे काय आहे' ठरतं. दुसरा वरून जातो, त्यावर 'हे कुठे आहे आणि हात कसा न्यायचा' ठरतं. १९८८ साली इटलीत राहणारी एक बाई आंघोळ करत असताना गॅस गिझरच्या विषारी वायूने बेशुद्ध पडली. वाचली, पण तिला वस्तूंचा आकार ओळखता येईना. भिंतीतली फट आडवी आहे की उभी, हे तिला सांगता येत नसे. पण 'हे कार्ड त्या फटीत टाका' म्हटलं की हात बरोबर वळायचा आणि कार्ड सरळ आत जायचं. एक रस्ता बंद पडला होता, दुसरा चालू होता. (जाता जाता: बंद न्हाणीघरात गॅस गिझर आपल्याकडेही जीव घेतो. गिझर बाहेर बसवा, खिडकी उघडी ठेवा.)

जर्मनीत म्युनिकमधल्या एका बाईची केस १९८३ साली प्रसिद्ध झाली. तिला रंग, माणसं, वस्तू सगळं दिसायचं, फक्त हालचाल दिसत नव्हती. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी दिसायची, कप कधी भरला ते कळायचं नाही. रस्ता ओलांडताना गाडी आधी लांब असायची आणि एकदम समोर.

आता कळेल की 'मेंदू चित्र मजकुरापेक्षा ६० हजार पट वेगाने समजतो' हा दुसरा फिरता मेसेजही बिनबुडाचा का आहे. त्यामागे कोणतंही संशोधन नाही. मजकूरसुद्धा शेवटी डोळ्यांनीच बघावा लागतो. अंधारात वाटेवरची दोरी साप वाटते, ते मात्र खरं मेंदूचं कौशल्य. माहिती अपुरी असली की तो अंदाज बांधतो, आणि चुकायचंच तर जीव वाचेल अशा बाजूने चुकतो.

बघायला शिकावं लागतं, आणि त्याचं वय ठरलेलं असतं

आई-बापांनी बाकी काही नाही वाचलं तरी एवढा भाग वाचावा.

ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या नवजात पिल्लाचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा ठणठणीत होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला ओळखतच नव्हत्या. त्या डोळ्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असं काही झालं नाही. वाटणीच्या वेळी जो भाऊ गावात नव्हता त्याचा हिस्सा गेला, असा हा व्यवहार आहे आणि ही वाटणी लहानपणीच होते.

माणसाच्या मुलात हेच घडतं. एका डोळ्याला मोठा नंबर असेल, डोळा तिरळा असेल, जन्मतः मोतीबिंदू असेल किंवा पापणी डोळ्यावर पडलेली असेल, तर त्या डोळ्याकडून मेंदूला धूसर किंवा न जुळणारं चित्र येतं. मेंदू ते चित्र घेणं बंद करतो. याला डॉक्टर 'आळशी डोळा' म्हणतात. शंभरात साधारण दोन-तीन मुलांना हा त्रास असतो. नाव चुकीचंच आहे, कारण आळस डोळ्याचा नाही. मूल कधीच तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचं सगळं भागतं, आणि जन्मापासून असंच असल्यामुळे वेगळं काही असतं हे त्याला ठाऊकच नसतं. मग पोलीस भरतीच्या मेडिकलला पहिल्यांदा कळतं की एका डोळ्याने अक्षरंच दिसत नाहीत. तेव्हा चष्मा लावूनही ती नजर पूर्ण येत नाही.

उपचार सोपा असतो, कंटाळवाणा असतो, पण लवकर केला तर गुण देतो. आधी बरोबर नंबरचा चष्मा. मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे मेंदूला दुसऱ्या डोळ्याकडून काम घ्यावंच लागतं. आजी विचारते, 'चांगला डोळा कशाला झाकताय?' तिला हेच कारण सांगा. किती तास आणि किती महिने हे डॉक्टरच ठरवतील. मनाने पट्टी लावू नका, जास्त झाकल्याने चांगला डोळाही मागे पडू शकतो. सात वर्षांच्या आत सर्वात चांगला फरक पडतो. त्यानंतर बारा-तेरा वर्षांपर्यंतही बऱ्याच मुलांना उपयोग होतो, म्हणून 'आता वय गेलं' असं म्हणून घरी बसू नये. मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाचं अवघड जाईल म्हणून तो लपवणारी घरं आहेत. अशा घरांना एवढंच सांगणं आहे, की चष्मा काढून ठेवता येतो, गेलेली नजर परत आणता येत नाही.

डोळ्यांवर उपचार झाले तरी मेंदूला बघणं शिकायला वेळ लागतो, हे दिल्लीत फार नीट दिसून आलं. १६८८ साली डब्लिनच्या विल्यम मॉलिनो यांनी तत्त्ववेत्ता जॉन लॉक यांना प्रश्न विचारला होता. जन्मांध माणसाला हाताने चाचपून गोळा आणि ठोकळा ओळखता येतो. त्याला अचानक दिसू लागलं तर फक्त बघून तो ओळखेल का? तीनशे वर्षं यावर वाद झाले. एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू करून उत्तर भारतातल्या खेड्यांतून जन्मतः मोतीबिंदू असलेली आणि कधीच शस्त्रक्रिया न झालेली मुलं शोधली, त्यांच्यावर मोफत उपचार करवले आणि अभ्यासही केला. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाला. ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखता आली नाही. पण काही दिवस-आठवड्यांत जमू लागलं.

अशा मुलांना सुरुवातीला एकावर एक पडलेले आकार वेगळे कळत नाहीत, प्रत्येक रंगाचा तुकडा त्यांना वेगळी वस्तू वाटतो. वस्तू हलली की मात्र तिचे सगळे तुकडे एकत्र हलतात आणि ती एक आहे हे समजतं. मोठेपणी शस्त्रक्रिया होऊनही ही मुलं चालायला-फिरायला, माणसं ओळखायला शिकली, ही आशेची बाजू. बारीक अक्षर वाचण्याइतकी तीक्ष्ण नजर मात्र पूर्णपणे आली नाही. तान्ह्या वयात शस्त्रक्रिया झाली असती तर ती कितीतरी चांगली झाली असती.

घरात काय बघायचं, कुठे जायचं

तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने अधूनमधून तिरळे होतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. त्यानंतरही डोळा वळत असेल तर 'मोठं झालं की सरळ होईल' म्हणत थांबू नका. मुलाचा एकेक डोळा हाताने झाकून बघा. एक झाकल्यावर मूल शांत आणि दुसरा झाकल्यावर रडतं, हात ढकलतं, असं असेल तर उघड्या राहिलेल्या डोळ्याने त्याला कमी दिसतंय. मोठ्या मुलाला एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे लांबून वाचायला लावा. मान एकाच बाजूला कलती ठेवून बघणं, टीव्हीच्या अगदी जवळ जाणं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणं याही खुणा आहेत.

मोबाइलचा फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली, किंवा बाहुलीत पांढरी चमक दिसत असेल, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. एखाद्या फोटोत कोनामुळेही असं होतं, पण ते डॉक्टरला ठरवू द्या. तो मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्यातला कॅन्सर असू शकतो. हा कॅन्सर लवकर सापडला तर जीव वाचतो आणि बऱ्याचदा डोळाही वाचतो.

दिवस भरण्याआधी, म्हणजे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा जन्मतः दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर त्याच्या डोळ्याचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायचा असतो. काचेच्या पेटीतून बाळ घरी आलं या आनंदात नेमकं हेच राहून जातं. डिस्चार्जच्या वेळी स्वतःहून विचारा.

संध्याकाळ झाली की मूल ठेचकाळत असेल तर जीवनसत्त्व 'अ' कमी पडत असेल. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत त्याचे नऊ डोस मोफत असतात. शेवग्याचा पाला, पपई, गाजर घरचंच आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, दृष्टिदोष आणि जन्मतः असलेला मोतीबिंदू त्यात येतात, आणि पुढचे उपचारही मोफत होतात. पथक कधी येणार ती तारीख अंगणवाडी ताईंना किंवा गुरुजींना विचारून ठेवा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची मुलं हमखास सुटतात, तेव्हा गावी परतल्यावर ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून मुलाला घेऊन जा. पथकाने पुढे पाठवण्याची चिठ्ठी दिली तर ती आधार कार्डासोबत जपून ठेवा आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.